तक्रार कृत्याविरुद्ध की अस्तित्वाविरुद्ध?

प्रश्न फोंड्याहून आला आहे. विचारणारे कायद्याचे विद्यार्थी आहेत. त्यांचा शाळेतला मित्र पोर्तुगीज पासपोर्टवर लिस्बनला गेला आणि आता तिथून सांगतो की १९६१ ची लष्करी कारवाई आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध होती, म्हणून गोव्यावरचा भारताचा हक्कच कच्चा. घरातले काका उलट टोकाचं बोलतात: आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवाधिकार ही राष्ट्रं मोडायची हत्यारं आहेत, आणि जिनिव्हाला, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार यंत्रणेकडे, तक्रार पाठवणारा देशद्रोही. या दोघांना काय उत्तर द्यायचं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी पणजीत वकिली करतो. आंतरराष्ट्रीय कायदा बरीच वर्षं शिकवला आहे, मानवाधिकारांच्या तक्रारी लिहिल्या आहेत आणि अशा तक्रारींवर सरकारी बाजूने आलेली उत्तरंही बारकाईने वाचली आहेत. माझ्या मते मित्र आणि काका एकाच ठिकाणी चुकतात. राष्ट्राने केलेल्या एखाद्या कृत्यावरचा आक्षेप आणि त्या राष्ट्राच्या अस्तित्वावरचा किंवा हक्कावरचा आक्षेप या दोन निराळ्या गोष्टी दोघेही एकच धरून चालतात. मित्र कृत्यावरचा आक्षेप उचलून हक्क पाडायला बघतो. काका हक्काच्या काळजीपोटी कृत्याबद्दलचा प्रत्येक प्रश्न बंद करायला बघतात.

आधी काकांचं जे खरं आहे ते मान्य करू. कायदा हत्यारासारखा वापरला जातो, आणि त्याचं ठळक उदाहरण आपल्याच दारातलं आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दल आणि इतर संघटनांच्या कार्यकर्त्यांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केली. पोर्तुगालला दमणहून तिकडे फौज न्यायची होती. मध्ये भारताची जमीन, आणि भारताने वाट दिली नाही. आता तारखा नीट पाहा. १४ डिसेंबर १९५५ ला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. १९ डिसेंबरला त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा सक्तीचा न्यायाधिकार मान्य केला, म्हणजे अशीच संमती दिलेल्या देशांशी होणारे वाद तिथे चालवायला आगाऊ संमती दिली. २२ डिसेंबरला भारताविरुद्ध दावा दाखल. भारताची १९४० सालची, ब्रिटिश अमदानीतली संमती तेव्हा लागूच होती. पुढच्याच महिन्यात भारताने ती काढून नव्या अटींची संमती दिली, पण तोवर दावा नोंदला गेला होता. न्यायालयाच्या दारात पाऊल ठेवायचं ते दावा ठोकण्यासाठीच, इतकी ही आखीव चाल होती.

भारताने यावर काय केलं हे आज वाचण्यासारखं आहे. हा वसाहतवाद्यांचा डाव आहे, आम्ही येणारच नाही, असं म्हणता आलं असतं. भारत हजर राहिला. अ‍ॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड हेगला उभे राहिले. हा दावा न्यायालयाला ऐकताच येत नाही, अशा सहा प्राथमिक हरकती भारताने घेतल्या. १९५७ मध्ये न्यायालयाने चार फेटाळल्या आणि दोन मूळ सुनावणीबरोबर ऐकायचं ठरवलं. म्हणजे पहिल्या फेरीत आपण हरलो, तरीही मैदान सोडलं नाही.

मूळ सुनावणीत तर आपला मराठी इतिहासच टेबलावर आला. पोर्तुगालची भिस्त १७७९ च्या मराठे-पोर्तुगीज तहावर आणि १७८३ व १७८५ च्या सनदांवर होती. मराठ्यांनी ही गावं आम्हाला सार्वभौम म्हणून दिली, असा त्यांचा दावा. कागद तपासून न्यायालयाने ठरवलं की मराठ्यांनी दिला तो महसूल गोळा करायचा हक्क, राज्य करायचा नव्हे. मात्र पुढे इंग्रजांनी तिथली पोर्तुगीज सत्ता व्यवहारात मान्य केली आणि भारतानेही ती मूकपणे चालू दिली, असंही त्याच निकालात आहे. १२ एप्रिल १९६० चा हा अंतिम निवाडा तीन तुकड्यांत वाचावा लागतो. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल नेण्याचा हक्क १९५४ मध्ये पोर्तुगालला होता: ११ विरुद्ध ४. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं नेण्याचा हक्क नव्हता: ८ विरुद्ध ७. भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केला नाही: ९ विरुद्ध ६. मधला आकडा विसरू नका. एक न्यायाधीश इकडचा तिकडे गेला असता तर आपल्या भूमीवरून फौज नेण्याचा पोर्तुगालचा हक्क कागदावर आला असता. तो आला नाही, कारण कोणीतरी दप्तरं चाळून, सनदा वाचून, तहाची कलमं मांडून युक्तिवाद केला होता.

मित्राचा मुद्दा १९६१ चा आहे, तिकडे वळू. १८ डिसेंबरला ऑपरेशन विजय सुरू झालं आणि त्याच दिवशी न्यूयॉर्कला सुरक्षा परिषद बसली. अमेरिकेचे अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन यांनी भारतावर कडक टीका केली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मृत्यूने संपू शकणाऱ्या नाटकाचा हा पहिला अंक आहे, अशा आशयाचं ते बोलले. युद्धबंदी आणि भारतीय सैन्याची माघार मागणाऱ्या ठरावाला सात मतं पडली. विरोधात चार: सोव्हिएत संघ, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. सोव्हिएत नकाराधिकाराने ठराव पडला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेचं दुसऱ्या कलमातलं चौथं उपकलम दुसऱ्या राष्ट्राच्या प्रदेशाविरुद्ध बळ वापरू नका असं सांगतं. भारताचं म्हणणं असं की वसाहत हा दुसऱ्या राष्ट्राचा प्रदेशच नाही, ती चालू राहिलेली आक्रमकता आहे. सगळ्या कायदेपंडितांनी हे तेव्हा मान्य केलं नाही आणि आजही सगळे करत नाहीत. विद्यार्थ्याने हे लपवू नये. मित्राला सरळ सांगावं की होय, या मुद्द्यावर वाद होता.

पण त्यापुढचा इतिहास मित्र सांगत नाही. १५ डिसेंबर १९६० ला, म्हणजे कारवाईच्या वर्षभर आधी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातल्या अस्वयंशासित प्रदेशांची, म्हणजे जिथल्या लोकांच्या हाती अजून स्वतःचं राज्य नाही अशा प्रदेशांची, यादी मंजूर केली. तिच्यात गोवा आणि त्याचे उपप्रदेश नावानिशी आहेत. पोर्तुगालने १९५१ मध्ये घटनेत बदल करून वसाहतींना सागरपारचे प्रांत म्हणायला सुरुवात केली होती आणि आमच्याकडे वसाहतच नाही, मग संघाला त्यांचे अहवाल कसले द्यायचे, असा पवित्रा घेतला होता. आमसभेने तो मोडून काढला. पुढे एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनची हुकूमशाही कोसळली, आणि ३१ डिसेंबर १९७४ ला नवी दिल्लीत करार झाला. भारताकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण, पोर्तुगालकडून मारियो सोआरिश. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली ज्या ज्या तारखेला भारतीय संविधानाखाली भारतात आली, त्या त्या तारखेपासून भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं. म्हणजे मागील तारखेपासून. ज्याचा हक्क हिरावला म्हणता, त्यानेच लेखी दिलं. १९६१ मध्ये बळाचा वापर कायदेशीर होता की नाही यावर परिसंवाद खुशाल घ्या. हक्काचा प्रश्न १९७४ ला मिटला.

आपल्याच सर्वोच्च न्यायालयासमोर यावरून एक खटला चालला. विद्यार्थ्याने तो मुळातून वाचावा. मुक्तीनंतर गोव्यातल्या एका पाद्रीने पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवलं. राहण्याच्या परवान्याची मुदत संपली, त्यांनी ती वाढवून घेतली नाही, देश सोडण्याचा हुकूम मानला नाही आणि खटला झाला. त्यांचा बचाव असा: गोवा हा युद्धात ताब्यात घेतलेला प्रदेश आहे, मी युद्धकाळासाठीच्या जिनिव्हा करारांखालची संरक्षित व्यक्ती आहे, मला हाकलता येत नाही. याहून थेट आव्हान भारताच्या हक्काला काय असणार? १९६९ चा तो निकाल सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचा आहे. अपील फेटाळलं गेलं, पण ‘देशविरोधी युक्तिवाद’ म्हणून एका ओळीत झटकलं गेलं नाही. लढाई चालू असताना घाईने जाहीर केलेलं सामिलीकरण वेगळं आणि प्रतिकार पूर्ण संपल्यावर झालेलं सामिलीकरण वेगळं. पहिल्याने करारांचं संरक्षण जात नाही, दुसऱ्याने लष्करी ताब्याची अवस्थाच संपते. हा फरक न्यायालयाने करारांची कलमं उलगडत मांडला. स्वतःच्या हक्कावर विश्वास असलेलं राष्ट्र कसं उत्तर देतं ते या निकालात दिसतं, आणि मी तो दरवर्षी वर्गात वाचून घेत असे.

मित्र कदाचित आणखी एक काडी टाकेल: गोमंतकीयांना विचारलं कुठे? डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आलं. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं यावर मतकौल झाला. केंद्रशासित राहण्याला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०. आमच्या घराने विलीनीकरणाच्या फुलावर शिक्का मारला होता. केंद्रशासितची दोन पानं जिंकली. घरातली मोठी माणसं कित्येक दिवस गप्प होती, पण निकाल मानला. स्वतंत्र देश हा पर्याय त्या कौलात नव्हता हे खरं, तसा पर्याय मागणारा मोठा पक्षही तेव्हा इथे उभा नव्हता.

आता काकांकडे. मानवाधिकारांची भाषा परकीयांनी आपल्याविरुद्ध शोधून काढली, हा समज इतिहासात टिकत नाही. १८ जून १९४६ ला राममनोहर लोहिया मडगावात उभे राहिले, सोबत डॉ. ज्युलियांव मिनेझिश. मागणी काय होती? सभा घ्यायचा हक्क, बोलायचा हक्क, छापायचा हक्क. नागरी स्वातंत्र्य. त्यानंतर त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभं करून पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं. मुक्तिलढ्यातले मोहन रानडे मुक्तीनंतरही पोर्तुगालच्या तुरुंगात होते, १९६९ मध्ये सुटले. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, वीसहून अधिक माणसं गेली. पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक त्यांचं आहे. या सगळ्यावर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं उत्तर ठरलेलं असे: हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, सनदेचं दुसऱ्या कलमातलं सातवं उपकलम वाचा, आणि हे सत्याग्रही बाहेरून पाठवलेले आहेत. काकांनी आपलं वाक्य या वाक्याशेजारी ठेवून पाहावं, एवढीच माझी विनंती.

त्याच १९४६ मध्ये भारताने, अजून स्वतंत्रही झालेला नसताना, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न आमसभेत नेला. शिष्टमंडळाच्या नेत्या विजयालक्ष्मी पंडित होत्या. दक्षिण आफ्रिकेने हेच म्हटलं, अंतर्गत बाब. आमसभेने ऐकलं नाही. संयुक्त राष्ट्रसंघात एखाद्या सरकारला मानवाधिकारांवरून जाब विचारण्याची वाट पाडणाऱ्यांत आपणच पहिले होतो.

मग खरी तक्रार आणि राष्ट्र पाडायचा डाव ओळखायचा कसा? माझी सवय सांगतो. अहवाल हातात आला की मी प्रस्तावना वाचत नाही, थेट शिफारशींचं पान उघडतो. मागणी काय आहे ते पाहतो. चौकशी करा, दोषींवर खटला भरा, भरपाई द्या, अमुक कायदा बदला, तुरुंगात वकील भेटू द्या: यातली प्रत्येक गोष्ट ते राष्ट्र राष्ट्र म्हणून टिकून करू शकतं. ही कृत्यावरची तक्रार. ज्या मागणीची पूर्तता राष्ट्राने प्रदेश सोडल्याशिवाय किंवा मिटून गेल्याशिवाय होऊच शकत नाही, ती हक्कावरची तक्रार. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची राजवट अख्ख्या जगाने अवैध ठरवली, पण मागणी सर्वांना मताधिकार अशी होती; १९९४ नंतर देश तोच राहिला, राज्यकर्ते बदलले. मोजमाप सर्वांना सारखं लावलंय का, माहिती कोणाची, दुसऱ्या बाजूच्या हिंसेबद्दल काय लिहिलं, हे त्यानंतर बघायचं.

बहुतेक वेळा एकाच कागदात दोन्ही असतं आणि खरी कसरत तिथे असते. जून २०१८ चा संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा काश्मीर अहवाल घ्या. छर्‍यांच्या बंदुका थांबवा, नागरिकांच्या मृत्यूंची स्वतंत्र चौकशी करा, सशस्त्र दलांना विशेषाधिकार देणारा कायदा मागे घ्या, हे कृत्याबद्दल. काश्मीरच्या लोकांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा आदर करा ही शिफारस हक्काला हात घालते. दहशतवादी संघटनांना ‘सशस्त्र गट’ म्हणणं आणि पाकव्याप्त भागाला ‘आझाद’ हे नाव वापरणं यावर भारताने हरकत घेतली, ती रास्तच होती. पण सगळा अहवाल हेतुपुरस्सर म्हणून एका झटक्यात फेटाळला, तिथे आपण संधी घालवली असं मला वाटतं. मणिपूरमधल्या कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये सांगितलं होतं की विशेषाधिकारांचा कायदा म्हणजे संपूर्ण अभय नव्हे, आणि पुढच्या वर्षी सीबीआय चौकशी लावली. हा निकाल पुढे ठेवून कृत्याच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायचं आणि स्वयंनिर्णयाचं वाक्य स्वतंत्रपणे, कायद्याच्या आधारे खोडून काढायचं. असं केलं की खोडसाळ वाक्य एकटं पडतं. सगळंच नाकारलं की ते खऱ्या तक्रारींच्या सोबतीने जगभर फिरत राहतं.

इस्रायलच्या बाबतीत हीच गुंतागुंत जास्त तीव्र आहे. १० नोव्हेंबर १९७५ ला आमसभेने झायोनवाद, म्हणजे ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र असावं हा विचार, वंशवादाचा प्रकार असल्याचा ठराव केला. हा धोरणावरचा आक्षेप नव्हता, ज्या विचारावर ते राष्ट्र उभं आहे त्यावरचा होता. भारतानेही बाजूने मत दिलं होतं. डिसेंबर १९९१ मध्ये आमसभेने तो रद्द केला, तेव्हा भारत रद्द करणाऱ्यांत होता. २००६ मध्ये नवी मानवाधिकार परिषद आली. तिच्या कायमच्या कार्यक्रमपत्रिकेत एक स्वतंत्र विषय फक्त इस्रायलव्याप्त प्रदेशांसाठी ठेवला गेला. दुसऱ्या कुठल्याही देशाच्या वाट्याला असा कायमचा विषय नाही, आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी २००७ मध्येच यावर नाराजी नोंदवली. हा पक्षपात आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्यामुळे वेस्ट बँकमधल्या वसाहतींचा किंवा गाझात मेलेल्या माणसांचा प्रश्न खोटा ठरत नाही. दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर २०२३ मध्ये हेगला वंशसंहाराचा दावा केला तेव्हा इस्रायल हजर राहिला आणि युक्तिवाद केला. निकाल काहीही येवो, आरोप पुराव्याने तपासायची जागा तीच आहे.

आणि हे हत्यार आपणही वापरतो, अभिमानाने वापरतो. कुलभूषण जाधवांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली तेव्हा ८ मे २०१७ ला आपण हेगला गेलो. वकिलातीच्या लोकांना भेटू न देणं हा व्हिएन्ना कराराच्या छत्तिसाव्या कलमाचा भंग, एवढा नेमका मुद्दा हरीश साळव्यांनी धरला. १७ जुलै २०१९ ला निकाल १५ विरुद्ध १. पाकिस्तानच्या अस्तित्वाबद्दल एक शब्दही त्यात नव्हता, आणि म्हणूनच दावा इतका भक्कम होता.

काकांना खरोखर देशाची काळजी असेल तर त्यांनी एका गोष्टीचा पाठपुरावा करावा. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली. अजून तो अनुमोदित केलेला नाही. कोठडीतल्या मृत्यूंवर डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची पट्टी, अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना कळवणं. तरीही छळाला स्वतंत्र गुन्हा ठरवणारा कायदा आपल्याकडे नाही. जिनिव्हात कोणीही भारतावर बोलायला उभं राहिलं की हा मुद्दा त्याच्या हातात आयता असतो. तो काढून घेणं आपल्या संसदेच्या हातात आहे, त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

राहिला देशद्रोहाचा प्रश्न. जिनिव्हाला तक्रार म्हणजे नेमकं काय हे कळलं तर भीती बरीच कमी होईल. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला, पण वैयक्तिक तक्रारींची सोय करणारा त्याचा जोड-करार आपण स्वीकारलेला नाही. त्यामुळे तिथल्या समितीकडे भारताविरुद्ध दावा नेताच येत नाही. उरतात विशेष प्रतिवेदक, म्हणजे मानवाधिकार परिषदेने नेमलेले स्वतंत्र तज्ज्ञ. त्यांना पत्र लिहायचं: कोण, कुठे, केव्हा, काय झालं, इथे कुठल्या कार्यालयात अर्ज केला, त्याचं काय झालं. त्यांना तथ्य वाटलं तर ते सरकारला पत्र पाठवतात, साधारणपणे साठ दिवसांत उत्तर मागतात आणि नंतर पत्र व उत्तर दोन्ही प्रसिद्ध होतात. कोणी शिक्षा करत नाही, कोणी फौज पाठवत नाही. माझ्याकडे असा अशील आला की मी आधी राज्य मानवाधिकार आयोग आणि पर्वरीचं उच्च न्यायालय हे रस्ते दाखवतो, कारण हुकूम आणि भरपाई तिथेच मिळते. तिथे दाद लागली नाही आणि तरीही त्याला लिहायचं असेल, तर मसुद्यातून राजकीय विशेषणं काढायला लावतो, तारखा आणि कागद जोडायला लावतो, आणि पत्र पाठवतो.

मित्राशी वाद घालायला बसण्याआधी १९६० चा हेगचा निवाडा, डिसेंबर १९६१ चं सुरक्षा परिषदेचं इतिवृत्त, १९६९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि १९७४ चा करार वाचून घ्या. करार सगळ्यात छोटा आहे. तो काकांनाही वाचून दाखवा.